हर-टू २+ : अजून ठरायचंय

प्रश्न : आईच्या (वय ५८) स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ईआर ८/८, पीआर ६/८, हर-टू २+, केआय-६७ २२ टक्के असं आहे. हर-टू असला की आजार झपाट्याने पसरतो असं मोबाइलवर वाचलं. आईला काय सांगू?
– एक वाचक, कराड

उत्तर : एक तपासणी बाकी आहे, एवढंच सांगा. ते खरंही आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. असे रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात.

हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. तपासणीत ते तपकिरी दिसतं. ३+ असेल तर पेशीपेशीभोवती गडद कडा, खुराड्याच्या जाळीसारखी. तिथे शंका उरत नाही. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ ला कडा असते पण फिकट. अशा वेळी फिश तपासणीत त्या प्रथिनाचं जनुक वाढलंय का ते मोजतात. ती बहुधा त्याच ब्लॉकवर (बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) होते, आईला पुन्हा सुई नको. पॉझिटिव्ह आलंच, तरी तुम्ही वाचलेली भीती जुन्या काळातली आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि या रुग्णांचं चित्र पालटलं.

ईआर आणि पीआर म्हणजे पेशीतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे ग्राहक (रिसेप्टर). ईआर ८/८ म्हणजे पैकीच्या पैकी. किती पेशी रंगल्या याचे ५, रंग किती गडद याचे ३. हार्मोनच्या गोळ्या लागू पडण्याची चांगली आशा.

केआय-६७ वरून किती पेशी विभागणीच्या गडबडीत आहेत ते कळतं. (‘केआय’ हे जर्मनीतल्या कील शहरावरून.) ५ पर्यंत किंवा ३० च्या पुढे असेल तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो. मधल्या पट्ट्यात तीच स्लाइड मी २० म्हणेन, शेजारची सहकारी २५. त्या २२ पायी झोप उडवू नका.

ईआरही फसवतो म्हणा. एकदा एका गावाहून गाठ, नमुना टिकवणाऱ्या फॉर्मेलिनऐवजी सलाईनमध्ये बुडवून, एसटीने दुसऱ्या दिवशी आली. ईआर निगेटिव्ह. मला पटेना. ऑपरेशननंतरच्या नमुन्यावर पुन्हा केला, तर पॉझिटिव्ह!

पुढचा अंदाज बांधताना गाठ केवढी आणि काखेतल्या गाठींत आजार पोचलाय का, हेही तितकंच मोलाचं. ते डॉक्टरांनाच विचारा. जाताना लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.