‘काउंटॅच’ नव्हे, कुंताच

प्रश्न आला आहे: लॅम्बोर्गिनीच्या जुन्या ‘काउंटॅच’ गाडीच्या नावाचा उच्चार काय, अर्थ काय, आणि मराठीत तिला ‘तो’ म्हणायचं की ‘ती’?

आधी ते ‘काउंटॅच’ थांबवा. गाड्यांवर तासन् तास बोलणारी माणसंही हेच म्हणतात, कान किटले! कुंताच. रोमन अक्षरांत Countach, त्यातला ‘ओयू’ फ्रेंच वळणाचा, म्हणजे नुसता उ. आघात ‘ता’वर. शेवटचा च ‘चहा’तला, ‘मीच’, ‘तोच’मधला दंत्य च इथे चालणार नाही.

मिउरा, इस्लेरो ही या कंपनीची नावं बैलांच्या झुंजीतून आलेली, म्हणून कुंताच हाही कुणी बैल असेल, असं ठोकून दिलं जातं. चूक. हा शब्द उत्तर इटलीत तोरिनोकडच्या (इंग्रजीत ट्यूरिन), पिएमोंते प्रांताच्या पिएमोंती बोलीतला. कारखाना बोलोन्याजवळ सांतागाताला, पण गाडीचं रूप घडलं तोरिनोकडे, गाड्यांची रूपं घडवणाऱ्या नुच्चो बेर्तोनेंच्या संस्थेत. सुंदर स्त्री दिसली की तिथले पुरुष ‘कुंताच’ म्हणतात आणि नुच्चो बेर्तोने गाडी पाहून तसेच ओरडले, ही कथा एकमेकांची उतरवून घेणाऱ्या जाणकारांनी खुद्द रचनाकार मार्चेल्लो गांदिनींना ऐकायला हवं होतं. ते सांगत, 1971च्या जिनिव्हा प्रदर्शनासाठी रात्री जागून काम चाललं होतं. तिथे प्रचंड हातांचा, उंचापुरा, पिएमोंतीच बोलणारा एक कारागीर होता आणि ‘कुंताच’ हा त्याच्या तोंडी सतत असलेला उद्गार. गांदिनींनी गमतीत तेच नाव सुचवलं. या हकिकतीत बाई कुठेच नाही.

आता खरी मौज. कुंताचचा शब्दशः अर्थ महामारी! इटालियन ‘कोन्ताजो’ म्हणजे संसर्ग. बोलीत अंत्य ज कठोर होऊन च झाला. मूळ लॅटिन धातू ‘तांगेरे’, स्पर्श करणे. भूमितीतला टॅन्जंट त्याच धातूचा, आणि आपण त्याला ‘स्पर्शिका’ म्हटलं, किती नेमकं! रोगाचं नाव कौतुकाचा उद्गार कसं बनलं? माझं ठाम मत आहे की सगळ्या भाषांत थक्क झालेला माणूस आधी शिवीशापाकडेच वळतो. आपलं ‘च्यायला’ बघा. मुळात आईवरून शिवी, पण उत्तुंग षटकार पाहून तेच निखळ कौतुकाने निघतं. ‘पटकी’ मात्र आपल्याकडे शापातच अडकली, पिएमोंतेतल्या महामारीसारखी कौतुकापर्यंत पोचली नाही. कोशकार अशा उद्गारांना ‘ग्राम्य’ म्हणून एका ओळीत उरकतात, तिथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. भावना कशी उलटते हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

लिंगाचं म्हणाल तर गाडी आहे, म्हणून ती कुंताच.