‘सुधारलेली’ जुनी पिलर ड्रिल 85 हजारांना घ्यावी का?

प्रश्न: बेळगावजवळ मच्छे इथं माझं लहान फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, सिंगल फेज कनेक्शन. फ्लँजची (पाइप जोडायच्या चकत्यांची) 18 ते 22 मिमीची भोकं बाहेरून पाडून घेतो. महिन्याला साधारण 1,500 भोकं, दर 6 रुपये, शिवाय टेम्पोचे 1,000. प्लेट 18 मिमी एमएस (साधं पोलाद), अधूनमधून बीड (ओतीव लोखंड). कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी विलायती पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं मशीन) मिळते आहे. मूळ गिअर काढून 2 एचपी मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) आणि एकच बेल्ट बसवलाय, टेबलही वेल्डिंग करून नवं केलंय. किंमत 85,000. नव्या 25 मिमी मशीनचं कोटेशन सिंगल फेज मोटरसह 1,20,000 अधिक 18 टक्के जीएसटी. बँकेत 1,40,000 आहेत. भाडं, पगार, वीज मिळून महिना 28,000 जातात. जीएसटी नोंदणी नाही. घेऊ का?

उत्तर: 85,000 ला घेऊ नका. 55,000 पर्यंत विचार करता येईल, तोही मशीन खाली सांगितलेल्या तपासण्यांत उतरलं तर.

आधी घरचा हिशेब. बाहेर जाणारे 9,000 आणि टेम्पोचे 1,000 वाचतील. पण भोकं पाडायला माणूस लागेल. बांधणं-सोडणं धरून भोकामागे दोन मिनिटं म्हणजे महिन्याला 50 तास; तासाला 75 रुपयांनी 3,750. ड्रिल आणि त्यांना धार लावणं 1,200, वीज आणि कूलंट 800. हातात उरतात 4,250. मशीन कितीही दणकट असलं तरी परतफेड याच आकड्यातून व्हायची आहे.

85,000 वर क्रेन-टेम्पो 6,000, पाया आणि वायरिंग 5,000, दुरुस्ती 15,000 धरा. एकूण 1,11,000, म्हणजे वसुलीला 26 महिने. खरी अडचण मात्र वेगळी आहे. बँकेत 29,000 उरतील, जेमतेम एका महिन्याचा खर्च. तुमच्या धंद्यात बिलं दोन-दोन महिने अडकतात. दोन महिन्यांचे 56,000 बाजूला ठेवायचे, तर मशीनवर सगळं मिळून 84,000 च्या वर जाता येत नाही. त्यातून 26,000 चा वरखर्च काढला की 58,000 राहतात. घासाघीस करून 55,000 वर थांबा.

आता ‘सुधारणे’कडे बघू, कारण विकणारा जास्तीचे पैसे तिचेच मागतोय. 20 मिमी ड्रिलला एमएसमध्ये मिनिटाला 25 मीटर कटिंग स्पीड धरला तर सुमारे 400 आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात. अशी मोटर सहसा 1,440 ची असते. एकाच बेल्टवर वेग निम्मा केला असेल तर 50 हर्ट्झला 720 मिळतात. 400 साठी व्हीएफडी 28 हर्ट्झवर आणावा लागतो, आणि तिथं 2 एचपी मोटरची ताकद जेमतेम 1.1 एचपी उरते. व्हीएफडी वेग कमी करतो, पण गिअरसारखा जोर वाढवत नाही. एका फेऱ्याला 0.25 मिमी फीड दिला (ड्रिल तेवढं आत ढकललं) तर सुमारे दीड किलोवॅट लागतात. इथं मिळतात 0.83. फीड निम्मा करून काम होईल, पण मोटरचा पंखाही तिच्याच शाफ्टवर हळू फिरतो. तासाभरात बॉडी तापते, आणि भोक आरपार निघताना ड्रिल अडकतं.

त्याहून मोठा घोळ मोटरच्या टर्मिनल बॉक्सात (वायरी जोडायच्या डबीत) सापडतो. सिंगल फेज व्हीएफडी बाहेर 230 व्होल्टच देतो. मोटर 415 व्होल्टच्या ‘स्टार’ जोडणीतच ठेवली असेल तर टॉर्क तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातो. मेन बंद करा, व्हीएफडीचा डिस्प्ले विझल्यावर दहा मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. एका ओळीतली तीन टर्मिनलं आडव्या पट्टीनं एकत्र जोडलेली असतील तर स्टार; तीन वेगवेगळ्या उभ्या पट्ट्या असतील तर डेल्टा. तुम्हाला डेल्टा हवं, 230 व्होल्टला तेच जुळतं. बाहेर तीनच वायरी काढलेल्या असतील तर मोटर खोलावी लागणार, तो खर्च किमतीतून वळता करा. वेग निम्म्याऐवजी एक-चतुर्थांश करून व्हीएफडी न उतरवता जोर मिळवायचा, तर मधला शाफ्ट आणि पुल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नरकडून करून घेता येतात. वरचे 15,000 त्यासाठीच धरलेत.

मशीन बघायला जाताना 0.01 मिमीचा लिव्हर डायल (डगमग मोजायचं काट्याचं मापक), मार्किंग ब्लू (ठसा बघायचा निळा रंग) आणि तुमच्याच मालातला प्लेटचा तुकडा न्या. स्पिंडलच्या टेपरमध्ये (ड्रिल बसतं त्या निमुळत्या भोकात) आतून डायल लावून स्पिंडल हातानं फिरवा. काटा 0.03 मिमीपर्यंत हलला तर ठीक, 0.05 च्या वर भाव पाडा, 0.10 दिसलं तर निघा. टेपरला ब्लू लावून स्लीव्ह (ड्रिल धरणारी निमुळती नळी) बसवा. ठसा एकाच बाजूला आला किंवा आत गोल ओरखडे दिसले, तर ड्रिल आत घसरून फिरलेलं आहे. क्विल (स्पिंडलला घेऊन खाली-वर होणारी नळी) 100 मिमी खाली काढून बाजूनं ढकला, हलते का बघा. वेल्ड केलेलं टेबल हमखास ओढलं जातं, म्हणून डायल स्पिंडलला बांधून 300 मिमी व्यासात फिरवा, फरक 0.15 च्या वर गेला तर टेबल मशीनिंगला द्यावं लागेल. ताजा रंग दिसला की कॉलमच्या बुडाशी, बीड सांधलंय का ते खरवडून बघा. शेवटी 20 मिमीची दहा भोकं सलग पाडायला लावा आणि मोटरवर हात ठेवा.

काही जमलं नाही तर हाती काय येईल? वजन 350 किलो आणि बिडाच्या भंगाराचा दर 40 धरला तर 14,000. गिअर नसलेलं मशीन दुसऱ्याला विकणं अवघड असतं.

नवं मशीन जीएसटीसह 1,41,600 पडेल आणि तो जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही. पण नव्या मशीनच्या कोटेशनवर सरकारच्या मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात कर्ज मागता येतं. जुन्यावर बँका सहसा तयार होत नाहीत. एक लाख, 11 टक्के, 36 महिने: हप्ता सुमारे 3,274. तो 4,250 मध्ये बसतो, जरी मोकळीक फारशी नसली. स्वतःचे 41,600 आणि बसवण्याचे 8,000 घातले तरी बँकेत 90,000 राहतात. जुनं 55,000 ला पटलं नाही तर मी हाच रस्ता धरीन. गावच्या सौहार्द (सहकारी पत) संस्थेकडून चढ्या व्याजानं पैसे उचलून जुनं मशीन घेणं मात्र टाळा, व्याजच ही शिल्लक खाऊन टाकेल.

व्यवहार ठरलाच तर पैसे बँकेतूनच द्या. एका दिवसात एकाला 10,000 च्या वर रोख दिलेली रक्कम घसाऱ्यासाठी मशीनच्या किमतीत धरली जात नाही. विकणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर माल राज्याची हद्द ओलांडतोय आणि रक्कम 50,000 च्या वर आहे, म्हणून बिलासोबत ई-वे बिल मागून घ्या, म्हणजे हद्दीवर कोगनोळीला टेम्पो अडकणार नाही. मशीन येण्याआधी वीज कंपनी हेस्कॉमकडे मंजूर भार 2 एचपीनं वाढवायचा अर्ज करा. इसार पाच हजारांच्या वर देऊ नका, आणि पावतीवर मोटरचा व व्हीएफडीचा नंबर घालून ‘20 मिमीची दहा भोकं चालवून दाखवल्यावर उरलेली रक्कम’ असं लिहून घ्या.