देव प्रीती आहे, मग हा राग कसला?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा : वडिलांना लकवा झाला, भेटायला आलेले काका त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "हा देवाचा कोप आहे, पश्चात्ताप करा." तुम्ही तर लहानपणापासून 'देव प्रीती आहे' पाठ केलेलं. मग खरं काय?

आधी वडिलांचं. बायबलमधलं लूक 13 काढा. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं दगावली, ती इतरांहून जास्त अपराधी होती का, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. लगेच पुढे पश्चात्तापाचंही बोलतो, पण ते समोर धडधाकट उभ्या असलेल्यांना. म्हणजे त्या खोलीत ते वचन लागू पडत असेल तर आधी काकांना! योहान 9 मधल्या जन्मांधाबद्दलही तेच : पाप ना त्याचं, ना त्याच्या आईबापांचं.

पण म्हणून 'देव रागावतच नाही' असं म्हणून मोकळं होता येत नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या एका ख्रिस्ती शिक्षकाने तसं करून पाहिलं. जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा प्रेमळ पिता वेगळा, अशी सरळ वाटणीच केली त्याने. 144 साली रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. आणि मार्क 3:5 मधला येशू तरी कुठे शांत आहे? वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा, आणि शब्बाथाला, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या दिवशी, येशू त्याला बरा करतो की काय म्हणून टपून बसलेले लोक. तो रागाने सभोवार बघतो, त्यांच्या कठीण मनाचं त्याला दुःखही होतं. राग आणि दुःख, एकाच वाक्यात.

माझीच एक गोष्ट सांगतो, फारशी भूषणावह नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथे इंदूरात एका कार्यालयात कामाला गेलो होतो. पुढे एक विधवा बाई उभ्या, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गाठ मारलेली. बाबू मान वर न करता म्हणाला, "कल आना." बाई म्हणाल्या, चार महिने हेच ऐकतेय. त्याने टेबलाचा खण जरासा ओढला, पुरेसा. मी सगळं पाहिलं, माझं काम उरकलं आणि बाहेर पडून पोहे खाल्ले. शांतपणे. पुढे माझ्या बहिणीचे यजमान गेले, तिच्यासोबत तशाच टेबलापुढे उभा राहिलो, तसाच खण पुढे आला, आणि माझे हात थरथरायला लागले. मी काही मधल्या काळात रागीट झालो नव्हतो. आधीची बाई माझी कोणी नव्हती, एवढंच. देवाला ती पहिली बाईही स्वतःचीच आहे. तो तिथून पोहे खायला जाऊ शकत नाही. (अडचण एवढीच की तो बाबूही त्याचाच आहे.)

आता एक गंमत. आपण म्हणतो ना, अमक्याच्या नाकावर राग असतो? इब्री भाषेत तर नाक आणि राग यांना एकच शब्द आहे, 'अफ'. निर्गम 34:6 मध्ये आपण 'मंदक्रोध' वाचतो, तिथे मुळात शब्दशः 'लांब नाकाचा' आहे. राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो! आणि हे कधी म्हटलंय, तर लोकांनी सोन्याचं वासरू घडवून त्याची पूजा केल्याचं प्रकरण नुकतंच घडून गेल्यावर.

वधस्तंभाबद्दल मात्र आपल्याच लोकांनी घोळ घातलाय. बाप संतापलेला, मुलगा मध्ये पडला, बापाचा राग निवला, असं रविवारच्या शाळेत मीही कित्येक वर्षं शिकवलं. पण रोमकरांस 5:8 म्हणतं, आपण पापी असतानाच देवाने आपल्यावर प्रीती केली. 2 करिंथ 5:19 म्हणतं, देव ख्रिस्तामध्ये होता. म्हणजे मुलाने बापाची समजूत घातली असं झालेलं नाही.

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. मुलाच्या रथाखाली वासरू मेलं, म्हणून अहिल्याबाई त्याच्यावर रथ घालायला स्वतः निघाल्या आणि गाय आडवी आली. ही लोककथा, इतिहास नव्हे. पण मला त्यात एवढंच दिसतं : तिथे आई न्यायही सोडत नाही, मुलगाही तिचाच, आणि सुटका बाहेरून येते, गाईकडून. गुलगुथ्यावर, येशूला वधस्तंभावर खिळलं त्या जागी, बाहेरून कोणी आलं नाही. रथावर बसायचा हक्क ज्याचा, तोच खाली उतरून रस्त्यात आडवा झाला.

शेवटच्या न्यायाचं विचाराल तर रोमकरांस 1 सावकाश वाचा. तिथे कोपाचं वर्णन करताना ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तीनदा 'देवाने त्यांना सोडून दिले' असं म्हणतो. वीज पाडली म्हणत नाही. मला ते विजेहून जास्त भयंकर वाटतं.

काका पुन्हा आले तर त्यांच्याशी वाद घालू नका, वडिलांसमोर तर नाहीच. चहा द्या आणि लूक 13 मोठ्याने वाचायला सांगा. वडिलांनाही ऐकू जाईल.