माझदा एमएक्स-5 (पहिली पिढी, 1.6) सिग्नलला तापते, हायवेवर नाही. रेडिएटर बदलू का?

लगेच बदलू नका, आधी पंखा तपासा. गाडी पळत असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड ठेवते, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यामुळे फक्त सिग्नलला काटा चढत असेल तर संशय पंख्याकडेच जातो. माझदाच्या सर्किटमध्येच याची सोपी चाचणी आहे: इंजिन थंड आणि बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीत 'टीएफए' आणि 'जीएनडी' या दोन टर्मिनलांना वायरने जोडा. पंखा फिरला तर मोटर, रिले, फ्यूज ठीक. मग थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच) आणि त्याचा कनेक्टर पाहा. नाही फिरला तर मोटरला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट द्या. त्यानेही हलला नाही तर मोटरच गेली.

स्विच बदलण्याआधी कूलंट मात्र नक्की बघा, इथेच बरेच जण फसतात. पातळी खाली गेली किंवा आत हवा अडकली की स्विचला गरम पाणी लागतच नाही, आणि चांगला स्विचही पंखा लावत नाही. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

हे सगळं फक्त उभ्या गाडीच्या तापण्याला लागू आहे. उद्या हायवेवरही काटा चढू लागला तर रेडिएटर चोंदलाय का आणि इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का ते पाहा. रेडिएटरची वरची काळी प्लास्टिक टाकी तपकिरी पडली असेल तर ती तडकण्याआधी रेडिएटर बदलाच.