इंजिन बदलावे की गाडी?

प्रश्न : माझ्याकडे माझदा एमएक्स-५ ही पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची गाडी आहे. ट्रॅक डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी) ती वळणांवर छान चालते, पण सरळ पट्टा आला की जो तो मला मागे टाकून जातो. मूळ इंजिन ठणठणीत आहे. त्या जागी होंडाचे चार सिलिंडरचे के २४ इंजिन बसवावे असे मनात आहे. मित्र मात्र थेट जनरल मोटर्सचे आठ सिलिंडरचे एलएस व्ही-८ बसव म्हणतात. कोणते निवडावे?

उत्तर : मूळ इंजिन ठणठणीत असल्याचे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा निदान सध्या तरी दोन्हींपैकी कोणतेही बसवू नये, असे माझे मत आहे. १९८९ साली आलेल्या या गाडीचे वजन एक टनाच्या आत आहे आणि शक्ती जेमतेम ११५ अश्वशक्तीच्या आसपास. सरळ पट्ट्यावर ती मागे पडणारच. पण त्याच हलकेपणामुळे तिचे टायर आणि ब्रेक पॅड दिवसभर टिकतात, आणि कमी पैशांत जास्त लॅप मारता येतात.

तुम्ही सुचवलेली दोन्ही इंजिने उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. १९९७ च्या कॉर्व्हेटमधून आलेले एलएस १ हे ५.७ लिटरचे असूनही त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडवर नसून ब्लॉकच्या आत असल्यामुळे ते इतर व्ही-८ इंजिनांच्या मानाने आटोपशीर आहे. म्हणूनच ते जगभर नाना प्रकारच्या गाड्यांत बसवले जाते. के २४ च्या चांगल्या प्रकारातून सुमारे २०० अश्वशक्ती मिळते आणि ते दणकटही आहे. मात्र हे इंजिन पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांमध्ये आडवे बसवण्यासाठी घडवलेले आहे. तुमच्या गाडीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवायचे, तर वेगळी ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी), गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट, नवी माउंटिंग, नवा एक्झॉस्ट, मोठा रेडिएटर, स्वतंत्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि त्याचे वायरिंग एवढे सगळे लागते. शिवाय वाढलेला टॉर्क सोसण्यासाठी क्लच बदलावा लागतो आणि पुढे गिअरबॉक्सचीही चिंता लागते. इंजिन जुन्या बाजारात स्वस्त मिळाले म्हणून आनंद होतो खरा, पण हे काम म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वायरिंग तर सर्वांत जास्त वेळ खाते. गाडी सुरू होते, पण टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) चालत नाही किंवा पंखा वेळेवर लागत नाही, अशा किरकोळ तक्रारींत अख्खा हंगाम निघून जातो.

आता ब्रेकचा विचार करा. पट्ट्याच्या शेवटी तुम्ही ताशी १५० ऐवजी १६५ किलोमीटर वेगाने पोहोचलात, तर वेग फक्त १० टक्क्यांनी वाढतो, पण गाडीतील गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. वळणातला वेग पूर्वीइतकाच राहणार असल्याने ही सगळी वाढ उष्णतेच्या रूपाने ब्रेकच्याच माथी येते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण तेच ऑइल ओलावले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात, आणि पाय दाबताच पेडल स्पंजासारखे मऊ होऊन तळाला टेकते. त्या क्षणी बॉनेटखाली किती अश्वशक्ती आहे याला काही अर्थ उरत नाही.

तेव्हा आधी ताजे ब्रेक ऑइल, ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे पॅड, चांगले टायर, शरीर जागच्या जागी धरून ठेवणारे सीट आणि जाणकार प्रशिक्षकासोबत काही सत्रे, यांवर खर्च करावा. सरळ पट्ट्यावर गमावलेला बराचसा वेळ त्याआधीच्या वळणातून लवकर ॲक्सिलरेटर दाबता न आल्यामुळे गेलेला असतो, आणि हा दोष नव्या इंजिनाने झाकला जातो, सुधारत नाही.

इंजिन बदलण्याला माझा सरसकट विरोध आहे असे मात्र समजू नये. मूळ इंजिन निकामी झाले असेल आणि ते पुन्हा बांधण्याचा खर्च जास्त येत असेल, तर दुसरे बसवणे शहाणपणाचेच आहे. त्यातही एकाच कुटुंबातील मोठे इंजिन मिळाले तर उत्तम. २००५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये २ लिटरच्या जागी त्याच घराण्यातले २.५ लिटरचे इंजिन बसवतात, ते यामुळेच. मूळचा गिअरबॉक्स कायम राहतो, जुन्या इंजिनाचे काही भाग नव्यावर चढवावे लागतात, ईसीयूचे ट्यूनिंग करावे लागते, आणि गाडी मूळची असल्यासारखी वागते.

प्रश्न : ट्रॅक डेसाठी पहिली जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे. टोयोटा ८६, बीएमडब्ल्यूची ई४६ (३ सिरीजची एक जुनी पिढी) आणि पोर्शे बॉक्स्टर अशा तीन गाड्या नजरेत आहेत. कोणती घ्यावी?

उत्तर : या तिघींत माझे मत २०१२ साली आलेल्या ८६ ला. २ लिटरचे इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती आणि साधारण साडेबाराशे किलो वजन. नवशिक्याला घाबरवणार नाही आणि लवकर कंटाळाही आणणार नाही असे हे प्रमाण आहे.

ई४६ चालवायला अतिशय समतोल आहे आणि तिचे सहा सिलिंडरचे इंजिन कान तृप्त करते, पण घेण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून मागची सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथला पत्रा टॉर्च लावून पाहावा. वर्षानुवर्षे झटके खाऊन तिथे तडे जातात. नुकताच काळा रंग फासलेला दिसला, तर विक्रेत्याला कारण विचारावे आणि उत्तर पटले नाही तर गाडी सोडावी. कूलिंगचे प्लॅस्टिकचे भागही जुने असल्यास ट्रॅकवर नेण्याआधीच बदलावेत.

बॉक्स्टरचा मोह मी समजू शकतो, कारण इंजिन मध्यभागी असलेली गाडी इतक्या कमी पैशांत सहसा मिळत नाही. मात्र १९९६ पासूनच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंटरमीजिएट शाफ्टचे (कॅमशाफ्टला गती पोहोचवणाऱ्या मधल्या दांड्याचे) बेअरिंग हा दुखरा भाग आहे. ते गेले की सगळे इंजिनच जाते. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच नाही. बेअरिंग बदलल्याची पावती असेल तरच जुनी बॉक्स्टर पाहायला जावे. तिघींपैकी कोणतीही घेतली, तरी आणखी एका बाबीकडे लक्ष असू द्यावे. लांब वळणात चेंबरमधले ऑइल एका बाजूला सरकते, पिकअप (ऑइल खेचणारी नळी) उघडा पडतो आणि बेअरिंगला क्षणभर ऑइल मिळत नाही. चिकट टायर लावल्यावर हा धोका वाढतो, म्हणून तसे टायर घेण्याआधी चेंबरमध्ये बॅफल (ऑइल सरकू न देणारे आडपडदे) बसवून घ्यावेत आणि ऑइलची पातळी खुणेच्या वरच्या रेघेला ठेवावी.

प्रश्न : इंजिन बदललेली गाडी तयार स्थितीत मिळत आहे. घ्यावी का?

उत्तर : दुसऱ्याच्या खर्चाचा फायदा मिळतो, म्हणून घ्यायला हरकत नाही. नोंदणीच्या कागदावरील इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे आधी पाहावे. वायरिंगचा आराखडा आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा आहे याची यादी मागावी; ती नसेल, तर पुढे सेन्सर बिघडल्यावर दुकानात नेमके काय मागायचे हेच कळत नाही. ट्रॅकवर आवाजाची मर्यादा किती आहे हेही विचारून घ्यावे, कारण मोकळ्या एक्झॉस्टच्या गाड्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठवल्या जातात.