मकरूह, मुश्तबह आणि आपली ‘मुभा’

राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘शेजारच्या भाभी कोलंबीला मकरूह म्हणतात, त्यांची रत्नागिरीची सून मात्र ती चवीनं खाते. मकरूह म्हणजे हलाल आणि हराम यांच्यामधलं संशयास्पद, असंच ना? मराठीत काय म्हणावं?’

असंच नाही. इथं मकरूह आणि मुश्तबह या दोन शब्दांची सरमिसळ झाली आहे, आणि तिला कोलंबीच जबाबदार आहे.

मकरूह म्हणजे नापसंत. इस्लामी धर्मशास्त्रात माणसाच्या कृतींचे ढोबळमानानं पाच दर्जे मानतात: फर्ज (करायलाच हवं), मुस्तहब (केलेलं चांगलं), मुबाह (करा किंवा न करा), मकरूह, हराम (वर्ज्य). म्हणजे मकरूह हा ठरलेला दर्जा झाला: टाळलेलं बरं. हनफी पंथ त्यातही दोन प्रती करतो, हरामकडे झुकणारा ‘तहरीमी’ आणि सौम्य ‘तन्जीही’.

मुश्तबह ही वेगळीच गोष्ट. नुमान इब्न बशीर यांनी सांगितलेली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा: हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि या दोहोंच्या मध्ये काही मुश्तबह गोष्टी आहेत, ज्या पुष्कळ लोकांना कळत नाहीत. ‘पुष्कळ लोकांना’ हे शब्द महत्त्वाचे. जाणकाराला त्या कळू शकतात. म्हणजे मुश्तबह हा वस्तूचा दर्जा ठरत नाही. वस्तू कुठल्या दर्जात बसते हे आपल्याला उमगलेलं नसतं, इतकंच. पैगंबरांना वाटेत खजूर पडलेला दिसला, तेव्हा ‘हा सदक्यातला (दानातला) असेल ही भीती नसती तर खाल्ला असता’ असं ते म्हणाले. खजूर हलालच; तो कुठून आला ते माहीत नव्हतं, आणि सदक्याचं त्यांना वर्ज्य होतं.

त्याच हदीशीत पुढं गुराख्याचा दृष्टान्त येतो. राजाच्या राखीव कुरणाच्या कडेकडेनं जनावरं चारणाऱ्याची जनावरं कधी ना कधी आत शिरणारच. अरबीत त्या कुरणाला ‘हिमा’ म्हणतात. दाजीपूरचं जंगल संस्थानच्या शिकारीसाठी राखीव होतं हे ठाऊक असलेल्या कोल्हापूरकरांना यावर वेगळी टीप नको.

आता कोलंबी. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. त्यांच्याकडे समुद्रातले जीव सर्वसाधारणपणे हलाल. घाटावर हनफी जास्त, आणि त्यांच्या मते पाण्यातल्या जिवांत फक्त मासा चालतो. मग कोलंबी हा मासा की नाही? यावर हनफी उलेमांतच दोन मतं आहेत. काही खुशाल खा म्हणतात, तर टाळणाऱ्यांपैकी काही तिला मकरूह म्हणतात. थोडक्यात, भाभी आणि सूनबाई दोघीही आपापल्या जागी बरोबर. त्यांच्या स्वयंपाकघरात आपण लुडबूड न केलेली बरी.

‘हलाल’चा अर्थ आपल्याकडे आक्रसला आहे. गावोगावी बकरं कापायला मुलाणी बोलावण्याची रीत, त्यामुळं हलाल म्हटलं की सुरीच आठवते. मुळात कमाई, सौदा, पोशाख, सगळ्यालाच तो लागू. ‘हराम’ तर शिवीत जाऊन बसला. गंमत अशी की ‘झोप हराम झाली’ म्हणतो तेव्हा आपण मूळ अर्थाच्या जास्त जवळ असतो: झोप आपल्याला वर्ज्य झाली. मोहरम, हजचा इहराम, राजवाड्यातला हरम हेही त्याच ह-र-म धातूचे. तिथं ‘वर्ज्य’ला पावित्र्याचीही छटा आहे, जी ‘हरामी’त औषधालाही उरलेली नाही.

मराठी प्रतिशब्द म्हणाल तर मुश्तबहसाठी ‘संदिग्ध’ लिहा. ‘संशयास्पद’ला पोलीस पंचनाम्याचा वास येतो. मकरूहला ‘नापसंत’ चालेल. ‘निषिद्ध’ लिहू नका, ते थेट हराममध्ये जातं. आणि मुबाहसाठी कोश उघडायचीही गरज नाही. ‘अर्ज उशिरा भरण्याची मुभा आहे’ यातली मुभा हाच तो शब्द. मनाई सिद्ध होत नाही तोवर वस्तू मुबाह, असं बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार, मानतात. कोलंबीवरचा वादही शेवटी याच मुद्द्याशी येऊन ठेपतो: मुभा कुठवर आहे?