पळवाट असली म्हणून काय झालं?

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहते. फोर्टातल्या एका ऑफिसात पगारपत्रकं करते. घरी परतायला रात्रीचे साडेआठ होतात. जेवणं झाली, ओटा आवरला की तासभर रहस्यकथा वाचते, तेवढ्यानं डोकं शांत होतं. यजमान म्हणतात, ‘ही निव्वळ पळवाट आहे, वाचायचंच तर काही उपयोगाचं वाच.’ सासूबाई म्हणतात, ‘खुनाबिनाचं वाचून हिला झोप तरी कशी लागते?’ माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : पळवाट आहेच की. मग? दिवसभर दुसऱ्यांच्या पगाराचे आकडे जुळवणाऱ्या बाईनं रात्री तासभर पळून जाऊ नये, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

मी लालबागला एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत नोकरीला होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आता वर्गणी कोण भरणार, अशी मालकांना धास्ती. काहींनी नावं काढलीही. पण गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, काम करणारे एक काका रोज आमचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर हजर असत. कालचं पुस्तक परत, नवीन द्या. अट एकच, ‘जाड नको. आज धरलं की आजच संपलं पाहिजे.’ बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून ठेवल्यामुळे आमची पंचाईत झाली नाही. एकदा मी विचारलंच, जाड का नको? म्हणाले, ‘संप कधी मिटणार, कोण सांगत नाही. ह्यात निदान शेवटच्या पानावर कळतं.’

सासूबाईंना हेच सांगा. खुनी सापडला की झोप छान लागते. अर्धवट राहिलं तर मात्र उडते, म्हणून रात्रीला वीस-पंचवीस पानांची कथा घ्या आणि कादंबरी लोकलसाठी ठेवा. तिघांच्या बाकावर टोकाला कशीबशी चौथी सीट मिळाली तरी एका हातात धरून वाचता येते.

यजमानांच्या ‘उपयोगाच्या’ पुस्तकांचं म्हणाल, तर वेळेचं नियोजन शिकवणारी पुस्तकं आमच्याकडेही होती. ती नेणारे हमखास उशिरा परत करत. दंड सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच जमायचा!

एक मात्र तुमचं तुम्हीच बघा. पुस्तक मिटल्यावर उद्याचा दिवस जरा आवाक्यातला वाटतो ना? मग खुशाल वाचा. पण करायचा फोन, भरायचं बिल, दाखवायचं दुखणं पुस्तकाआड ढकललं जात असेल, तर आधी ते उरका. आणि वाचूनही रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा. तिथे रहस्यकथा पुरी पडायची नाही.

राहता राहिल्या सासूबाई. बऱ्याच लायब्रऱ्यांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदाच पैसे भरायचे आणि पुढे काही महिने अंक बदलून आणायचे. यंदा ती वर्गणी त्यांच्या नावानं भरा. पहिल्या खेपेला पाककृतींचा अंक आणा, भविष्याचा आणा. रहस्यकथांचा तिसऱ्या खेपेला, आणि तो टीपॉयवर ठेवून तुम्ही ऑफिसला निघून जा.